रंग नको, दाते विचारा!

मुलीला घेऊन सायकलच्या दुकानात गेलं, की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘ताई, रंग कोणता दाखवू?’ गुलाबी की जांभळा, पुढे बास्केट हवी की नको, यावर आपली खरेदी आटोपते. मुलगा बरोबर असेल तर मात्र गिअर किती, ब्रेक कुठला, अशी चर्चा अर्धा तास रंगते. तीन वर्षांपूर्वी मीही रंगावर सायकल घेऊन आले होते. त्याचा भुर्दंड माझ्या लेकीला पडला, म्हणून आज हा विषय.

आम्ही राहतो आजऱ्याजवळ. इथला पाऊस म्हणजे चार महिने छत्री मिटायची सोय नाही. घरापासून कॉलेज सहा किलोमीटर. त्यातला निम्मा रस्ता काजूच्या बागांमधून जाणारा, लाल मातीचा, दगडगोट्यांचा. लेक अकरावीला गेली तेव्हा एकवीस गिअरची, जाड टायरची, पुढे शॉकअप असलेली चकचकीत सायकल घेतली. स्वस्तात मिळाली म्हणून आम्ही खूश! पहिल्याच पावसाळ्यात तिचा तोरा उतरला. मागच्या चाकापाशी गिअर बदलणारा जो नाजूक सांगाडा लोंबत असतो, तो दगडाला आपटून वाकला. चेन पडू लागली. आणि एका संध्याकाळी चेन निसटून चाकाच्या तारांत अशी अडकली, की चाक जागीच जाम. मागचं चाक उचलून धरत पोरगी अंधारात दीड तास चालत घरी आली.

पुढे घरात काय झालं, ते तुम्ही ओळखलंच असेल. सासूबाई म्हणाल्या, ‘बास झाली ती सायकल.’ हे म्हणाले, ‘एसटीनं जाऊ दे.’ एसटी सकाळी एक, संध्याकाळी एक. म्हणजे जादा तास, लायब्ररी, मैत्रिणी, सगळ्यावर पाणी. बिघडली होती सायकल, पण बंधन आलं मुलीवर! थोरल्याची मोटरसायकल महिन्यातून दोनदा बंद पडते, त्याला कुणी म्हणत नाही, ‘उद्यापासून घरी बस.’

मी ती सायकल बाजारपेठेतल्या मिस्त्रींकडे नेली. विकून टाकावी असंच मनात होतं. त्यांनी ती उलटी केली, फिरवून पाहिली आणि म्हणाले, ‘वैनी, फ्रेम लोखंडाची हाय, चांगली हाय. गिअर काढून टाकू. एक-एक सामान तुम्ही निवडा, मी जोडतो.’ मी निवडू? मला पायडल आणि सीट सोडून नावंसुद्धा येत नव्हती. पण आम्ही मायलेकी दोन शनिवार त्या दुकानात स्टूल टाकून बसलो. तिथे जे शिकले, ते तुम्हाला सांगते.

पहिली पाहायची ती मागच्या चाकाची खाच. एक्सल ज्या खाचेत बसतो, ती आडवी असेल तर चाक मागे ओढून चेन ताणता येते. गिअर नसलेल्या सायकलीला हे फार महत्त्वाचं, कारण सैल चेन हमखास पडते. खाच सरळ उभी असेल तर चेन ताणायला वेगळा जोड लावावा लागतो. आमची आडवी निघाली, नशीब!

दुसरे दाते. सगळा खेळ यांचाच. पुढच्या चाकीला ४४ आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते असले, की पायडलच्या एका फेरीत २६ इंची चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं, म्हणजे सायकल पाचेक मीटर पुढे जाते. सपाट डांबरी रस्त्यावर छान, पण चढावर मांड्या भरून येतात. आम्ही पुढे ३६, मागे १८ घेतले. आता एका फेरीत चाक बरोबर दोनदा फिरतं, सायकल चार मीटर जाते. वेग थोडा कमी, पण लेक चढ बसूनच चढते. पुढे ४४ आणि मागे २२ घेतले तरी हिशेब तोच. पोळपाट-लाटणं पारखून घेणाऱ्या बाईला हे गणित अवघड नाही हो!

चेन घेतली जाड, साध्या सायकलीची. गिअरच्या सायकलीची चेन अरुंद असते. पुढचे आणि मागचे दाते एका सरळ रेषेत आले पाहिजेत, तिरकी चेन घासते आणि निसटते. मिस्त्रींनी पट्टी लावून तपासलं आणि लेकीलाही तपासायला लावलं. मागच्या चाकाच्या ३६ तारा नव्याने ताणून घेतल्या. अनेक चकत्यांच्या फ्रीव्हीलला जागा द्यायची म्हणून गिअरच्या सायकलीत दोन्ही बाजूंच्या तारांचा ताण सारखा नसतो. एकच चकती आली की तो बराचसा सारखा करता येतो आणि चाक अधिक मजबूत होतं. म्हणजे काही काढून टाकल्यानंही बळ येतं.

शॉकअप काढून साधा लोखंडी चिमटा बसवला. स्वस्तातलं शॉकअप वजन वाढवतं, पावसात गंजून अडकतं. धक्के सोसायला जाड टायर पुरे, फक्त हवा दगडासारखी टणक भरायची नाही. रिम मात्र अॅल्युमिनियमचीच ठेवली. ओल्या स्टीलच्या रिमवर ब्रेकचं रबर घसरतं, उतारावर हे जिवावर बेततं. आणि चेनकव्हर! दुकानात सगळे म्हणाले, अशा दणकट सायकलीला चेनकव्हर शोभत नाही. म्हटलं, ओढणी आमची अडकते, शोभा तुमची जाते का? बसवलं. सीट रुंद घेतली, कारण बाईच्या बैठकीची हाडं साधारणपणे जास्त रुंद असतात. उंची ठरवली ती टाच पायडलवर ठेवून. पायडल खाली असताना पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. आपल्याकडे मुलींच्या सीट उगाच खाली ठेवतात, मग गुडघे दुखतात.

बिनगिअरची म्हणजे गरिबाची, असं काहींना वाटतं. अहो, डोंगरात सायकली पळवायची आजची हौस वाढली ती अमेरिकेत, कॅलिफोर्नियात. तिथल्या पोरांनी १९७० च्या दशकात जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावरून उतरवायला सुरुवात केली, आणि त्यांतल्या कितीतरी एकाच गिअरच्या होत्या. १९७६ मध्ये तिथे सुरू झालेल्या शर्यतीचं नाव ‘रिपॅक’. उतारावर ब्रेक इतका तापे की हबमधलं ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावं लागे, म्हणून हे नाव. त्या टोळक्यात वेंडी क्रॅग नावाची एक बाईही होती. ती सायकलही चालवी आणि तिने काढलेल्या फोटोंमुळे त्या दिवसांची आठवण आज शिल्लक आहे.

गिअर वाईट असतात असं मी म्हणत नाही. रोज मोठा घाट चढायचा असेल तर चांगल्या प्रतीचे गिअर घ्यावेतच. पण स्वस्तातले एकवीस बिघडण्यापेक्षा एकच भक्कम बरा. आमच्या वाटेवर एक चढ असा आहे की तिथे लेक खुशाल उतरते आणि ढकलत जाते. त्यात लाज कसली?

सगळं मिळून खर्च नव्या सायकलीच्या निम्म्यापेक्षा कमी आला. पण खरा फायदा वेगळाच. जे निवडलं, ते तिला कळतं. डाव्या पायडलचा आटा उलटा असतो, नव्या क्रँकचे नट काही दिवसांनी पुन्हा आवळायचे असतात, हे तिला पाठ आहे. दप्तरात पंधरा नंबरचा पाना, ठिगळाचं पाकीट आणि छोटा पंप असतो. गेल्या जुलैत वाटेत पंक्चर झालं, तेव्हा काजूच्या झाडाखाली बसून तिनं ते काढलं आणि पाऊण तास उशिरा घरी आली. सासूबाई दारातच उभ्या होत्या. हाताला काळं ग्रीस बघून म्हणाल्या, ‘साबण लावून धू, आणि मग जेवायला ये.’ एसटीचं नाव कुणी काढलं नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, जूनमध्ये दुकानात जाल तेव्हा दुकानदारानं रंग विचारला तर थांबवा त्याला. म्हणावं, रंग मागाहून बघू. आधी सांगा, पुढे दाते किती आणि मागे किती? आणि हा प्रश्न तुम्ही नाही, तुमच्या लेकीला विचारू द्या.