दात्याच्या दारी जाण्यापूर्वी

कोणत्याही सार्वजनिक कार्याची कल्पना निघाली की "पैसा कोण देणार?" हा पहिला प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर शोधण्याकरिता आपली दृष्टी बहुधा गावाच्या वेशीबाहेर जाते. या वेशीबाहेरच्या दात्यास अलीकडे 'प्रायोजक' असे भारदस्त नाव प्राप्त झाले आहे. कुस्तीचे मैदान असो, वाचनालय असो, पिण्याच्या पाण्याचे यंत्र असो की स्मशानभूमीवरील छप्पर असो, "एखादा चांगला प्रायोजक गाठला पाहिजे" हे वाक्य आमच्या मुरगुडात व आसपासच्या खेड्यांत हल्ली वारंवार ऐकू येते. आमच्या शाळेच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी यंदा सायंकाळची अभ्यासिका काढण्याचा बेत केला. ज्यांच्या घरी एकच खोली आहे आणि त्याच खोलीत चूल, दूरदर्शन व आजारी आजोबा आहेत, अशा मुलांस रात्री नऊपर्यंत दिवा, बाक व शांतता मिळावी, एवढाच त्यांचा हेतू. बेत स्तुत्य होता. परंतु चर्चा सुरू होऊन दहा मिनिटे झाली नाहीत तोच तेथेही हेच वाक्य उमटले. म्हणून या विषयावर विद्यार्थ्यांशी, व विशेषतः त्यांच्या पालकांशी, चार शब्द बोलावे असे आम्हांस वाटते.

प्रथम हे स्पष्ट करणे अवश्य आहे की मागणे यात आम्ही कमीपणा मानीत नाही. आमच्या या प्रदेशात लोकोपयोगी कामांस आश्रय मागण्याची व देण्याची परंपरा जुनी आहे. मुरगुडाजवळच्या तलावास आजही सर पिराजीरावांचे नाव आहे. कागलचे जहागीरदार पिराजीराव ऊर्फ बापूसाहेब घाटगे हे राजर्षी शाहू छत्रपतींचे बंधू. स्वतः शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहांची जी मालिका उभी केली, तिचा आरंभ १९०१ साली झाला. पुढे मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, ख्रिस्ती व अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी एकामागून एक वसतिगृहे निघाली. महाराजांनी त्यांस जागा दिल्या, पैसा दिला. तथापि ती चालविण्याचा भार त्या त्या समाजातील जाणत्या माणसांनी आपल्या शिरावर घ्यावा ही अपेक्षाही ठेवली. राजाश्रय म्हणजे सर्व काही दरबारातून येणार आणि आपण केवळ हात पसरावयाचे, असा त्याचा अर्थ नव्हता. आता संस्थाने राहिली नाहीत, जहागिरीही राहिली नाही. राजाची जागा नगरपरिषद, आमदारांचा निधी आणि मोठमोठे कारखाने यांनी घेतली. हात पसरण्याची सवय तेवढी राहिली, आणि भार उचलण्याची सवय मात्र कोठे तरी वाटेत गळून पडली, अशी आम्हांस शंका येते.

कर्मवीर भाऊराव पाटलांचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस पाठ्यपुस्तकांतून ठाऊक आहे. ते मूळचे याच जिल्ह्यातील कुंभोजचे. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि पुढे साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह चालविले. त्यांच्या संस्थेस पुढे मोठमोठ्या देणग्या मिळाल्या, साताऱ्याच्या हायस्कुलास तर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे नाव आहे. परंतु हे सर्व घडण्यापूर्वी वसतिगृहातील मुलांच्या पोटात दोन घास जावेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने एकेक करून गेले होते, आणि अखेर मंगळसूत्रही गेले. भाऊराव खेडोपाडी धान्य व पैसा मागत फिरत, तेव्हा समोरच्या शेतकऱ्यास हे सांगावे लागत नसे. त्यास ते दिसत असे. मागणाऱ्याने आधी आपले काय घातले आहे, हे दात्यास नेहमीच दिसते. तो बोलून दाखवीत नाही, इतकेच.

याच काळाच्या जरा आधी अंताजी दामोदर काळे यांनी 'पैसा फंड' काढला होता. प्रत्येकाने केवळ एक पैसा द्यावा, अशी ती साधी योजना. अनेकांनी तिची थट्टा केली असेल. पैशापैशाने काय होणार? परंतु त्याच पैशांतून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. शुभवर्तमानातील विधवेच्या दोन टोल्यांची कथा आमच्या विद्यार्थ्यांनी प्रार्थनेच्या वेळी अनेकदा ऐकली आहे, तीही येथे आठवावी. पैशाची रक्कम लहान असली तरी देणाऱ्याचा त्या कामावर हक्क मोठा असतो. ज्या पालकाने अभ्यासिकेसाठी दहा रुपये दिले, तो वाटेने जाताना आत दिवा लागला आहे की नाही हे डोकावून पाहील. ज्याने काही दिले नाही, तो पाहणार नाही, आणि त्यास दोषही देता येणार नाही.

परंतु या विषयातील सर्वांत बोधप्रद इतिहास आम्हांस पंडिता रमाबाईंचा वाटतो. १८८६ साली रमाबाई अमेरिकेस गेल्या. हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीविषयी त्यांनी तेथे गावोगाव व्याख्याने दिली, पुस्तक लिहिले, आणि १८८७ च्या अखेरीस बोस्टन शहरी 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झाले. त्या मंडळाने रमाबाईंच्या शाळेस दहा वर्षे साह्य करण्याचे वचन दिले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले व पुढच्या वर्षी ते पुण्यास गेले. आजच्या भाषेत बोलावयाचे तर रमाबाईंस उत्तम प्रायोजक मिळाला होता. असा प्रायोजक मिळाला म्हणजे आपल्यापैकी बहुतेकजण निश्चिंत होतील. रमाबाई निश्चिंत झाल्या नाहीत. दहा वर्षे म्हणजे दहाच वर्षे, हे त्यांनी नीट ध्यानात ठेविले. मुदत संपण्याच्या पुष्कळ आधी त्यांनी केडगाव येथे माळरानाची जमीन घेतली, विहिरी खणविल्या, फळझाडे लाविली. हेतू हा की परदेशचे साह्य थांबले तरी बागेच्या उत्पन्नावर मुलींचा निर्वाह व्हावा. पुढे १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराश्रित मुली व स्त्रिया आणिल्या, तेव्हा त्यांस ठेवावयास हीच केडगावची जमीन उपयोगी पडली. १८९८ साली वचनाची मुदत संपली. रमाबाई पुनः अमेरिकेस गेल्या, दहा वर्षांच्या कामाचा हिशेब देणगीदारांपुढे ठेविला, आणि नव्याने मंडळ उभे राहिले.

या इतिहासास दुसरीही बाजू आहे, ती आम्ही झाकणार नाही. देणगीदारांनी घातलेली धर्मविषयक तटस्थतेची अट पाळली जाते की नाही, यावरून पुण्यात मोठा वाद झाला आणि १८९३ साली न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी सदनाशी असलेला संबंध सोडला. त्या वादात कोणाची बाजू खरी, हे ठरविण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु अट जितकी संदिग्ध, भांडण तितके कडू, हे त्यावरून दिसते. दाता, संस्था व पालक या तिघांस अटीचा अर्थ एकच कळला पाहिजे, आणि तो पैसा घेण्यापूर्वी कळला पाहिजे.

आता आपल्या गावांकडे पाहू. पाणी शुद्ध करणारे यंत्र देणगीने बसते. त्यावर दात्याचे नाव झळकते, फीत कापली जाते, छायाचित्र वर्तमानपत्रात येते. दोन वर्षांनी त्यातील गाळणी बदलण्याची वेळ येते, आणि ती कोणी बदलावयाची हे कोणी ठरविलेलेच नसते. मग यंत्रास कुलूप लागते. नाव मात्र झळकतच राहते! अशी यंत्रे आमच्या वाचकांनी कोठे ना कोठे पाहिली असतीलच. वाचनालयास पुस्तके मिळतात, कपाट मिळत नाही. संगणक मिळतात, वीजबिलाचा विचार नसतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर जिल्ह्यास साऱ्या महाराष्ट्रातून मदतीचा ओघ आला. त्या मदतीस आम्ही कृतज्ञ आहोत. तथापि ज्या घरांतील चिखल उपसावयास फावडी व औषधे हवी होती, त्यांच्या दारात कित्येक ठिकाणी जुन्या कपड्यांचे ढीग पडले. यात दात्याचा दोष अल्प आहे. काय हवे ते आपण स्पष्ट सांगितले नाही म्हणजे दाता आपल्यापाशी जे असते ते देतो.

नावाच्या पाटीविषयी मात्र आमचे मत पुष्कळांहून निराळे आहे. दात्याने आपले नाव लावण्याची इच्छा धरली तर काहीजणांस ते ओंगळ वाटते. आम्हांस वाटत नाही. महर्षी कर्वे यांनी १९१६ साली स्थापिलेल्या महिला विद्यापीठास १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लक्ष रुपये दिले आणि त्यास आपल्या मातोश्रींचे नाव द्यावे अशी इच्छा प्रकट केली. कर्व्यांनी ती मान्य केली. विद्यापीठाचे मुख्य ठाणेही कालांतराने, १९३६ साली, पुण्याहून मुंबईस गेले. त्यामुळे कर्व्यांचे कार्य बुडाले काय? नाथीबाई दामोदर ठाकरसी या नावाखाली आजपावेतो असंख्य मुली पदवीधर झाल्या. भिंतीवर नाव असावे, खुशाल असावे. आमचा विरोध आहे तो मुलांच्या छायाचित्रांस. वह्या वाटप करताना गरीब मुलास पुढे उभे करावयाचे, त्याच्या हाती वही व दात्याच्या मुखावर हास्य, असे चित्र घरोघर पोहोचवावयाचे, हा व्यवहार आम्हांस मान्य नाही. चौदा वर्षांच्या मुलास लाज वाटते, आणि ती त्याने कोणास सांगितली नाही तरी वर्गात बसताना ती त्याच्यासोबत असते. असा दाता सोडून द्यावा लागला तर सोडावा. वह्या उशिरा येतील.

विद्यार्थ्यांपैकी जे अर्ज लिहावयास बसले आहेत, त्यांच्यासाठी व्यवहाराचे थोडे. २०१३ च्या कंपनी कायद्याने, १ एप्रिल २०१४ पासून, मोठ्या कंपन्यांवर सामाजिक कार्यासाठी खर्च करण्याचे बंधन आले आहे. जिची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या निदान दोन टक्के रक्कम अशा कार्यास लावावी, आणि आपल्या आसपासच्या प्रदेशास प्राधान्य द्यावे, असा तो नियम. कागलच्या औद्योगिक वसाहतीत अनेक पालक कामास जातात. तेव्हा हा नियम आपल्यापासून दूरचा नाही. परंतु कंपनीने आपल्या मालाच्या जाहिरातीसाठी केलेले प्रायोजन या खर्चात धरता येत नाही. उत्सवाच्या कमानीवरील फलक आणि अभ्यासिकेचे बाक या दोन गोष्टी कायद्यानेच वेगळ्या केल्या आहेत, हे बरेच झाले. शिवाय हा पैसा कोणत्याही मित्रमंडळाच्या हाती देता येत नाही. काम करणारी संस्था नोंदलेली असावी लागते, आणि १ एप्रिल २०२१ पासून तिला केंद्र सरकारकडे या कामासाठी निराळी नोंदणीही करावी लागते. घरोघर वर्गणी मागण्यासही, नोंदलेला न्यास नसेल तर, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते. म्हणून मुलांनी पावतीपुस्तक छापण्याची घाई करू नये. अभ्यासिकेच्या अर्जात बाकांची संख्या व दिव्यांचा खर्च तर असावाच. पण तिसऱ्या वर्षीचे वीजबिल कोण भरणार व रोज रात्री कुलूप कोण लावणार, हीही दोन वाक्ये असावीत. ती लिहिता येत नसतील तर अर्ज पाठवू नये.

काही पालक म्हणतील, "कंपन्यांस द्यावेच लागते, तर आमच्याकडे कशास मागता?" प्रश्न रोखठोक आहे. परंतु आमच्या भागातील सर्वांत मोठे कारखाने कोणाचे आहेत? बिद्रीचा दूधगंगा-वेदगंगा, कागलचा छत्रपती शाहू, हमीदवाड्याचा मंडलिक हे साखर कारखाने सहकारी आहेत. कंपनी कायद्याचे ते दोन टक्के त्यांस लागू नाहीत, कारण ते कंपन्याच नव्हेत. त्यांचे धनी सभासद आहेत, म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांचे वडील, चुलते व आजे. कारखान्याच्या दारी अर्ज घेऊन जाणारा मुलगा पुष्कळदा आपल्याच घरच्यांकडे मागत असतो, आणि हे ना त्यास ठाऊक असते ना घरच्यांस! सहकारी कायद्यात नफ्यातील काही भाग धर्मादाय कार्यास देण्याची सोय आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा दरवर्षी सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावी लागते. त्या सभेत पालक उसाच्या दराविषयी हिरिरीने बोलतात, ते योग्यच आहे. त्याच सभेत एखाद्या सभासदाने गावच्या मुलांच्या अभ्यासिकेचा विषय लेखी मांडावा. त्याची सूचना मात्र मुदतीत द्यावी लागेल. सूचनेचा मसुदा आमचे विद्यार्थी लिहून देतील. सही करण्यापूर्वी वडिलांनी तो वाचून घ्यावा, आणि चुका आढळल्यास मुलाकडूनच दुरुस्त करवून घ्याव्या.