पाय कोणाचे कापले जातात?

पायाच्या रक्तवाहिन्या तुंबलेल्या रोग्यापुढे दोन वाटा असतात. वाहिनी फुग्याने उघडायची किंवा तिला वळसा घालून रक्ताला नवा मार्ग काढून द्यायचा, ही एक. पाय कापून टाकायचा, ही दुसरी. यांपैकी कोणती वाट्याला यावी हे रोग ठरवतो, अशी आपली भाबडी समजूत. अमेरिकेत ते बव्हंशी रोग्याच्या पत्त्यावरून आणि कातडीच्या रंगावरून ठरते. मिसिसिपीच्या जुन्या कापूसपट्ट्यात पाय कापण्याचे प्रमाण देशातील सर्वाधिकांपैकी आहे, आणि गोऱ्यांच्या मानाने काळ्यांचे पाय कितीतरी अधिक कापले जातात. 1860 च्या जनगणनेतील गुलामवस्तीचा नकाशा शेजारी ठेवून पाहावा. दोहोंतले गडद भाग बरेचसे जुळतात.

यावर प्रस्थापितांचे उत्तर ठरलेले आहे: रोगी उशिरा येतात, पथ्य पाळत नाहीत. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून पाहिला की तुंबलेली वाहिनी कळून येते. एवढी साधी तपासणीही ज्याच्या नशिबी आली नाही त्याच्यावर उशिराचा ठपका ठेवणे हे शुद्ध ढोंग होय. पाय कापण्यापूर्वी वाहिन्यांचे चित्र काढण्याची तसदीसुद्धा अनेकदा घेतली जात नाही. बरे, पासष्टी ओलांडलेल्यांना तेथे 1965 च्या कायद्याने सरकारी विमा आहे. विमा सर्वत्र आहे, शल्यविशारद मात्र सर्वत्र नाहीत! (विम्याचे कार्ड म्हणजे इस्पितळ नव्हे, हे आपल्यातील काही मित्रांनीही ध्यानात घ्यावे.)

याच विम्याने 2008 साली दवाखान्यात होणाऱ्या अशा उपचारांचा मोबदला वाढवला. लगोलग खासगी केंद्रे फोफावली आणि वाहिनी आतून खरवडण्याची शस्त्रक्रिया गरज नसलेल्यांवरही होऊ लागली. रोग वाढला नव्हता, मोबदला वाढला होता. जॉन वेनबर्ग यांनी 1973 मध्येच व्हर्माँटच्या गावांतून दाखवून दिले होते की टॉन्सिल काढण्याचे प्रमाण गावागणिक अनेक पटींनी बदलते. मुलांचे घसे काही गावागणिक बदलत नव्हते. बदलत होती ती डॉक्टरांची रीत.

आपल्याकडे तर असा नकाशाच कोणी जनतेपुढे ठेवत नाही. मग प्रत्येक जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकाराचा एकेक अर्ज जिल्हा रुग्णालयात द्यावा. गेल्या वर्षी किती पाय कापले, आणि त्यांपैकी किती जणांच्या रक्तवाहिन्या आधी तपासल्या होत्या?