धडधाकट लॅपटॉप भंगारात कशाला?

मंडळी, १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि जो तो नवा लॅपटॉप शोधायला लागला. का, तर विंडोज ११ला टीपीएम २.० हवं, वर इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा. अहो, पण सातव्या पिढीचा आय-५ कालपर्यंत काय झोपा काढत होता?

ब्राउझर, मेल, यूट्यूब, घरखर्चाची एक्सेल शीट. घरचं काम एवढंच ना? मग लिनक्स मिंट टाका! फुकट आहे, पेनड्राइव्हवरून आधी चालवून बघता येतं, मराठी टायपिंगही होतं. टॅली किंवा फोटोशॉपवर पोट असेल तर खुशाल विंडोज घ्या, तिथे माझा वाद नाही. पण चालतं मशीन कधी बाद करायचं हे कंपनीने का ठरवावं? पैसे तुमच्या खिशातले जातात राव!