माहेरच्या तिघी

नातेवाइकांची यादी करताना कॉलेजातल्या सोबतिणींना आपण कुठे धरतो? डॉ. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत कॉलेज काढलं, तेच आजचं मिलिंद. खेड्यापाड्यांतल्या मुलांना त्यानं एका बाकावर बसवलं. तिथंच आम्हां चौघींची गट्टी जमली. माझी आई गेली, त्या वर्षी कुठली माहेरची दिवाळी! तर तिघी हर्सूलला, माझ्या सासरी हजर. चकल्या, अनारसे आणि एकीच्या अम्मीनं दिलेला शेवयांचा डबा. सासूबाईंनी विचारलं, "या कोण गं तुझ्या?" मी म्हटलं, "माहेरच्या." आता नवरात्रात हरसिद्धीच्या यात्रेला त्या आल्या, की ताटं सासूबाईच वाढतात. आभार मानले तर तिघी रागावतात. म्हणून तो डबा मी शेंगदाण्याच्या चटणीनं भरून परत दिला. रिकामा कसा द्यायचा, बाई!