आधी मोजा, मग बोला

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. रविवार, दुपारचे दोन. पारा ४५ च्या आसपास, नंदनवनात रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. मी कूलरसमोर आडवा झालो होतो, तेवढ्यात शेजारचे काका दारात. त्यांचा मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला.

"बाबू, याचा लॅपटॉप चालूनच नाही राहिला. दुकानवाला साठ हजार सांगते. हप्त्यानं घेतो मी, पण घ्याच लागन का?"

खरं सांगतो, उत्तर जिभेवर तयार होतं. "आठ जीबीत आजकाल काय होतं काका, घेऊन टाका!" आपल्या धंद्यात हे पाठच असतं. एडिटर अडकतोय? रॅम वाढव. तरी अडकतोय? मशीन बदल. तरीही? मग एडिटरच भंगार आहे म्हणायचं, दुसरा टाकायचा आणि सहा महिन्यांनी त्यालाही शिव्या घालायच्या.

मंडळी, हा शुद्ध आळस आहे. नाडी न बघता सलाईन लावणाऱ्या डॉक्टरला आपण नावं ठेवतो. आणि आपण? चार वर्षं अल्गोरिदम शिकलेली माणसं स्वतःच्या रोजच्या हत्याराबद्दल मात्र अंदाजपंचे बोलतो. ऑफिसात हे खपून जातं, कारण नवीन मशीनचं बिल कंपनी भरते. इथे बिल काका भरणार होते.

म्हणून उठलो. पोरगा लॅपटॉप गादीवर ठेवून बसलेला, हवा जायची जागा बंद. टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसरचा वेग निम्म्याच्याही खाली. तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, त्यात नागपूरचा मे! दोन जाड पुस्तकांवर लॅपटॉप उचलून ठेवला. थोडा फरक पडला, पण व्हीएस कोड अजूनही रडतच होता.

"नेमकं काय हळू आहे?" मी विचारलं. "सगळंच हँग होऊन राहिलं ना दादा." हे 'सगळंच' हीच खरी गोम. नीट पाहिलं तर टाइप केलेलं अक्षर लगेच उमटत होतं. उशीर होत होता तो सजेशन्सना आणि फाइल सेव्ह व्हायला. इथेच अर्धं निदान झालं. एडिटरची खिडकी एका प्रोसेसमध्ये चालते आणि एक्स्टेन्शन्स दुसऱ्या. बहुतेक सगळी एक्स्टेन्शन्स त्या एकाच खोलीत राहतात, त्यामुळे एकानं दार अडवलं की बाकीची रांगेत.

मग सगळी एक्स्टेन्शन्स बंद करून एडिटर उघडला. पळायला लागला! म्हणजे साठ हजारांच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं. गुन्हेगार लॅपटॉप नव्हता.

परत चालू केली. हेल्प मेनूतल्या प्रोसेस एक्सप्लोररमध्ये एक्स्टेन्शन होस्ट प्रोसेसर खाताना दिसला. आता एक्स्टेन्शन बायसेक्ट. निम्मी बंद करायची, त्रास आहे का बघायचं, उरलेल्यांची पुन्हा निम्मी. बायनरी सर्च, जी आपण परीक्षेत लिहितो आणि विसरतो. एकूण ३८ एक्स्टेन्शन्स, म्हणजे जास्तीत जास्त सहा फेऱ्या. सहाव्या फेरीत सापडलं: कंस रंगवणारं एक जुनं एक्स्टेन्शन. त्याच्या सात हजार ओळींच्या फाइलमध्ये (हो, त्यावरही बोललो त्याला) प्रत्येक बदलाला ते कंस मोजत बसायचं. गंमत म्हणजे ऑगस्ट २०२१ च्या १.६० आवृत्तीपासून ही सोय एडिटरच्या पोटातच आहे. एक्स्टेन्शनची गरजच नव्हती!

"हे कोणी टाकायला सांगितलं बे तुला?"

"दादा, तुम्हीच तर लिस्ट दिली होती."

खरंच दिली होती. मी २०२० मध्ये बनवलेली यादी, 'हे सगळं टाकून घे' म्हणून. तेव्हाही मोजलं नव्हतं, फक्त सांगितलं होतं.

आता कोणी म्हणेल, दोष एडिटर बनवणाऱ्यांचा नाही का? २०१५ मध्ये आलेल्या या एडिटरच्या आत इलेक्ट्रॉन आहे, म्हणजे मजकूर लिहायला अख्खा ब्राउझर. मान्य, तेही काही धुतल्या तांदळाचे नाहीत. पण ही तक्रार जुनीच आहे. ईमॅक्सला लोक 'आठ मेगाबाइट आणि सतत स्वॅपिंग' म्हणून चिडवायचे. शिव्या घालून तेव्हाही काही वेगवान झालं नाही. आणि कधीकधी रॅम खरंच कमी असते. मेमरी काठोकाठ भरलेली आणि डिस्क सतत धावताना दिसली तर जरूर रॅम घ्या. फक्त आधी ते डोळ्यांनी बघा. आणि तेव्हासुद्धा रॅम वाढवता येते का ते आधी विचारा, लगेच नवा लॅपटॉप नको.

सगळा खटाटोप ४० मिनिटांचा. काकांचा हप्ता वाचला. पोरानं प्रोजेक्ट त्याच लॅपटॉपवर संपवला, फक्त गादीऐवजी टेबलावर.

आपल्या शब्दावर कोणीतरी खिशात हात घालतो, हे आपल्याला दिसत नाही म्हणून आपण इतकं सहज बोलतो. 'हळू आहे' ही तक्रार झाली, निदान नाही. तक्रार कोणीही करू शकतं. निदान करण्याचा तर आपल्याला पगार मिळतो ना?

असो. तुमच्या एडिटरमध्ये किती एक्स्टेन्शन्स आहेत? अंदाज नको, मोजून सांगा.