विश्लेषण : मालक परदेशात, कामगार मेहकरात; मग पगाराला कायदा कुठला?

शेगाव, चिखली, बुलढाण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडलेला मुलगा पूर्वी पुण्याची नाहीतर हैदराबादची गाडी धरायचा. कोरोनानंतर आणखी एक वाट खुली झाली. घरीच बसायचे, इंटरनेटची जोडणी घ्यायची आणि अमेरिका, जर्मनी किंवा सिंगापूरच्या कंपनीचे काम करायचे. मुलाखत व्हिडिओ कॉलवर होते, करार ई-मेलवर येतो आणि सहीही मोबाइलवरच होते. घरच्यांना आकडा सांगितला जातो. पण हा ‘पगार’ आहे की ‘बिलाचे पैसे’, हा प्रश्न कोणी विचारत नाही. पीएफ, ग्रॅच्युइटी, रजा आणि नोटीस या चारही गोष्टी त्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतात.

कंपनी अमेरिकेची, मग कायदाही अमेरिकेचा?

नाही. कामगार कायद्याचा साधा नियम असा की, माणूस जिथे बसून काम करतो तिथला कायदा लागतो. कंपनीचे मुख्यालय कुठे आहे आणि पैसे कुठल्या बँकेतून येतात, याने फारसा फरक पडत नाही. मेहकरात बसून कोणी टेक्सासच्या कंपनीची नोकरी करत असेल, तर ती नोकरी भारतातली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि त्यांनी २९ जुन्या कायद्यांची जागा घेतली. नेमणूकपत्र देणे आता प्रत्येक मालकावर बंधनकारक आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यायचा. राजीनामा दिला किंवा कामावरून काढले, तर राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करायचा. परदेशी कंपनीच्या करारात ‘हा करार अमुक राज्याच्या कायद्यानुसार’ असे वाक्य असले, तरी नोकरी करणाऱ्याचे हे किमान हक्क त्या एका वाक्याने पुसले जात नाहीत.

अडचण वेगळीच आहे. बऱ्याच करारांत ‘नोकरी’ हा शब्दच नसतो.

परदेशी कंपनीपुढे वाटा किती?

मुख्यतः तीन. पहिली वाट जुनी आणि खर्चिक, ती म्हणजे भारतात स्वतःची कंपनी काढायची. खामगावच्या एमआयडीसीत हिंदुस्थान युनिलिव्हरचा कारखाना आहे. मूळ कंपनी ब्रिटिश, पण इथला मालक भारतात नोंदलेली कंपनी. तिथे कामगाराला आपला मालक कोण, हे शोधत बसावे लागत नाही. दोन-चार माणसे घेण्यासाठी मात्र कोणी एवढा खटाटोप करत नाही.

दुसरी वाट म्हणजे ‘एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड’, सोप्या मराठीत कागदोपत्री मालक. भारतात आधीच नोंदलेली एक मध्यस्थ कंपनी माणसाला आपल्या पगारपत्रकावर घेते. पगार, पीएफ, करकपात, पगारपावती हे सगळे ती सांभाळते. काम कोणते आणि कसे करायचे, हे परदेशी कंपनी सांगते आणि मध्यस्थाला त्याची फी देते.

तिसरी वाट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सर्रास. माणसाला ‘स्वतंत्र कंत्राटदार’ म्हणायचे, त्याच्याकडून दर महिन्याला बिल मागवायचे आणि डॉलर पाठवून द्यायचे. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, नोटीस करारात असेल तेवढीच.

हमालांसाठी जे १९६९ मध्ये झाले

कागदोपत्री मालक ही कल्पना परदेशातून आली असे वाटते, पण महाराष्ट्राला ती नवी नाही. बाजार समितीतला हमाल सकाळी एका अडत्याची पोती उचलतो आणि दुपारी दुसऱ्याची. त्याचा मालक कोण? ‘आमचा नाही’ असे म्हणायला प्रत्येक व्यापारी मोकळा होता. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीनंतर १९६९ मध्ये माथाडी कायदा आला आणि या प्रश्नाला उत्तर मिळाले. हमाल आणि व्यापारी या दोघांचीही नोंद माथाडी मंडळाकडे होते. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची ठरावीक लेव्ही मंडळात भरतो. मंडळ हमालाला मजुरी देते, लेव्हीतून पीएफ, बोनस, रजेचा पगार, ग्रॅच्युइटी भागवते.

रचना जवळपास तीच आहे, फरक आहे तो नियंत्रणाचा. माथाडी मंडळ कायद्याने स्थापन झालेले असते आणि त्यावर सरकार, मालक व कामगार या तिघांचे प्रतिनिधी बसतात. आजच्या मध्यस्थ कंपन्या खासगी आहेत, त्यांची फी परदेशी कंपनी देते आणि त्यांच्या मंडळावर कामगाराचा कोणी नसतो. पोती उचलणाऱ्यासाठी राज्याने पंचावन्न वर्षांहून अधिक काळापूर्वी जे केले, ते लॅपटॉपवर काम करणाऱ्यासाठी करावे असे अजून कोणाच्या मनात आलेले दिसत नाही. हा मुलगा सुशिक्षित आहे, इंग्रजी बोलतो, डॉलरमध्ये कमावतो, मग त्याला संरक्षण कशाला, असा समज त्यामागे असावा. करार वाचता येणे आणि करार बदलून घेता येणे यात अंतर आहे, हे हा समज विसरतो.

‘कंत्राटदार’ असे लिहिले की विषय संपला?

न्यायालये तसे मानत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये धरांगध्रा केमिकल वर्क्सच्या प्रकरणात सौराष्ट्रातल्या मिठागरांवरच्या अगरियांबद्दल निकाल दिला. त्यांना मिठाच्या मणावर पैसे मिळत आणि मदतीला ते स्वतःची माणसे घेत. कंपनी त्यांना कंत्राटदार म्हणत होती. पण कामाच्या प्रत्येक टप्प्यावर देखरेख कंपनीची होती, म्हणून ते कामगारच ठरले. १९७३ च्या सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसच्या प्रकरणात कपड्यामागे पैसे घेणारे शिंपी होते. त्यांतले काही जण कापड घरी नेऊन शिवत. तेही नोकरच ठरले. घरी बसून, नगावर काम करणाऱ्यालाही नोकर मानता येते, हा मुद्दा आजच्या ‘वर्क फ्रॉम होम’ला फार दूरचा नाही.

परदेशातही हेच घडले आहे. अमेरिकेत मायक्रोसॉफ्टने वर्षानुवर्षे ‘तात्पुरते’ म्हणून ठेवलेल्या माणसांनी दावा लावला आणि २००० मध्ये कंपनीला ९ कोटी ७० लाख डॉलरवर तडजोड करावी लागली. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरचे चालक स्वतंत्र व्यावसायिक नसून ‘वर्कर’ आहेत, असे सांगितले.

कसोटी ढोबळपणे अशी. कामाची वेळ कोण ठरवते, रोजच्या मीटिंगला हजर राहावेच लागते का, दुसऱ्या कंपनीचे काम घेण्याची मुभा आहे का, रजा मागावी लागते का, लॅपटॉप कोणाचा आहे. उत्तरे कंपनीच्या बाजूने झुकत असतील, तर कागदावर काहीही लिहिलेले असो, ती नोकरी आहे. मात्र हे सिद्ध करायला भांडावे लागते. करारात ‘वाद सिंगापूरच्या लवादापुढे’ असे कलम असेल, तर दीड महिन्याच्या थकीत बिलासाठी चिखलीहून तिकडे कोण जाणार? कंपन्यांनाही हे ठाऊक असते.

८० हजारांचा हिशेब

समजा, महिना ८०,००० रुपयांची बोलणी झाली. नव्या संहितेनुसार मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून कमी दाखवता येत नाही. म्हणजे कायद्याच्या हिशेबातले वेतन किमान ४०,००० रुपये.

पीएफमध्ये मालकाचा वाटा १२ टक्के, म्हणजे महिना ४,८०० रुपये. ग्रॅच्युइटी दर वर्षाला १५ दिवसांच्या वेतनाएवढी आणि महिना २६ दिवसांचा धरायचा. म्हणून ४०,००० ला २६ ने भागून १५ ने गुणले की वर्षाचे सुमारे २३,०७७ रुपये होतात. पीएफचे वर्षाचे ५७,६०० रुपये त्यात मिळवले की बेरीज ८०,६७७ रुपये. ‘कंत्राटदार’ या एका शब्दापायी वर्षाकाठी एक अख्खा पगार हातातून जातो. भरपगारी रजा, आजारपण, बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा या हिशेबात धरलेलीच नाही.

इथे काही बारकावे आहेत. पीएफ २० किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला सक्तीचा आहे आणि ग्रॅच्युइटी १० पासून. मध्यस्थ कंपनीकडे माणसे भरपूर असतात, त्यामुळे संख्येचा प्रश्न येत नाही. पण सप्टेंबर २०१४ मध्ये ठरलेली १५,००० रुपयांची वेतनमर्यादा महत्त्वाची आहे. मालक त्या मर्यादेवरच वाटा भरू शकतो, मग ४,८०० ऐवजी १,८०० रुपयेच जमा होतात. पहिल्याच नोकरीत मूळ पगार त्याहून जास्त असेल आणि आधी पीएफ खाते नसेल, तर पीएफ टाळताही येतो. म्हणून ‘पीएफ आहे का’ एवढेच विचारून भागत नाही. किती रकमेवर आहे, हेही विचारा. मालकाचा वाटा ‘सीटीसी’च्या आत मोजला आहे का, याचीही खात्री करा. आत असेल, तर तो तुमच्याच आकड्यातून भरला जातो.

ग्रॅच्युइटीला एरवी पाच वर्षांची सेवा लागते. मुदतीच्या करारावरच्या कर्मचाऱ्याला नव्या संहितेत ती एका वर्षानंतर मिळते. परदेशी कंपन्या एक-दोन वर्षांचेच करार देतात, त्यामुळे हा बदल त्यांच्याकडे काम करणाऱ्यांच्या उपयोगाचा आहे.

कंत्राटदार झालो तर कर वाचतो ना?

हे आमिष हमखास दाखवले जाते. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, शिवाय पगारदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. महिना ८०,००० म्हणजे वर्षाला ९ लाख ६० हजार. कर नोकरीतही शून्य आणि कंत्राटातही शून्य. वाचवायचे काय? जास्त उत्पन्न असलेल्या व्यावसायिकाला अनुमानित करपद्धतीचा फायदा होतो, हे खरे. पण मग वर्षाच्या २० लाखांच्या जमेनंतर जीएसटी नोंदणी, परदेशातून आलेल्या पैशांचे बँकेचे दाखले आणि आगाऊ कराचे हप्ते हे सगळे स्वतःच सांभाळावे लागते. व्यवसाय कर दोन्हीकडे आहे. नोकरदाराचा मालक कापतो, कंत्राटदाराने स्वतः नोंदणी करून वर्षाचे २,५०० रुपये भरायचे. आणि घरकर्जासाठी बँक पगारपावती मागते, तेव्हा कंत्राटदाराला विवरणपत्रांची चवड घेऊन जावे लागते.

एका ई-मेलवर काढता येते?

अमेरिकेतली बरीच राज्ये मालकाला कारण न देता माणूस काढू देतात. तिथले व्यवस्थापक तेच गृहीत धरून इथे वागतात. भारतात कामगार या व्याख्येत बसणाऱ्याने सलग एक वर्ष काम केले असेल, तर कपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई द्यावी लागते. व्यवस्थापकीय पदे या व्याख्येबाहेर आहेत. पण नुसते पदनाम ‘मॅनेजर’ असल्याने कोणी व्यवस्थापक ठरत नाही, प्रत्यक्ष काम बघितले जाते. उलट बाजूने, ‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षे स्पर्धक कंपनीत जायचे नाही’ असे कलम करारात दिसले, तर घाबरू नका. भारतीय करार कायद्याच्या कलम २७ पुढे ते सहसा टिकत नाही.

आपल्या उद्योजकाने परदेशात माणूस ठेवला तर?

नियम तोच, फक्त आरसा उलटा. दुबईत विक्रीसाठी एक माणूस नेमला, तर संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्याने त्याला सेवासमाप्तीचे उपदान द्यावे लागते, पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार आणि पुढे ३० दिवसांचा. नेदरलँड्समध्ये नोकर आजारी पडला, तर मालकाला १०४ आठवड्यांपर्यंत पगाराचा किमान ७० टक्के भाग द्यावा लागतो. इथल्या लहान कारखानदाराचा श्वासच अडकावा अशी ही तरतूद आहे. म्हणून आकडा बोलण्याआधी तिथल्या पगारपत्रकाचा जाणकार गाठणे स्वस्त पडते.

सही करण्यापूर्वी

करारात तुमचा मालक म्हणून कोणाचे नाव आहे, ते आधी बघा. ती भारतात नोंदलेली कंपनी असेल, तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिचे नाव सापडते आणि तिच्याविरुद्ध तक्रार सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे करता येते. नाव परदेशी कंपनीचे असेल आणि काम पूर्णवेळ असेल, तर मध्यस्थामार्फत घ्या असे सांगून बघा. मागणी अवाजवी नाही. त्यांच्यासाठीही ते सुरक्षित आहे, कारण इथल्या माणसाने त्यांच्या वतीने करार-मदार केले, तर नफ्याच्या एका भागावर भारतात कर लागू शकतो, ही धास्ती त्यांच्या सल्लागारांना असते. नाहीच म्हणाले, तर वरच्या हिशेबातला तेरावा पगार दरात मागा, नोटीस किमान ३० दिवसांची करून घ्या आणि वादाचे ठिकाण भारतात ठेवा.

नोकरी लागल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांतच उमंग ॲपवर आपले पीएफ पासबुक उघडा. पगारपावतीवर कपात दिसते आणि पासबुकात जमा दिसत नाही, असे असेल तर तक्रार त्याच महिन्यात नोंदवा. पीएफ कार्यालयाची तक्रारीची सोय ऑनलाइन आहे आणि त्यासाठी सुटी काढून कुठे जावे लागत नाही.