दुहेरीच्या खेळाडूचे मोल

शाळांच्या स्मरणिकांमध्ये गुणवंतांची यादी असतेच, आणि ती असावीही. परंतु अशा याद्या वाचताना एक गोष्ट जाणवते. प्रत्येक यश तेथे एकाच नावावर नोंदलेले असते. परीक्षेतील गुण एकाचे, वक्तृत्वाची ढाल एकाची, धावण्याचे पदक एकाचे. दोघांनी मिळून मिळवलेल्या यशाला आपल्या कौतुकात फारशी जागा नाही. बॅडमिंटनमधील दुहेरीच्या खेळाडूची कारकीर्द पाहिली म्हणजे ही उणीव अधिकच ठळक होते.

भारतीय बॅडमिंटनची कीर्तीही दीर्घकाळ एकेरीवरच उभी होती. प्रकाश पदुकोण यांचे १९८० चे आणि पुल्लेला गोपीचंद यांचे २००१ चे ऑल इंग्लंड विजेतेपद, सायना नेहवाल आणि पी. व्ही. सिंधू यांची ऑलिम्पिक पदके सर्वांना मुखोद्गत आहेत. पण २०११ साली ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा यांनी जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. १९८३ मधील पदुकोण यांच्या पदकानंतर भारताला त्या स्पर्धेत मिळालेले ते पहिलेच पदक होते. हे किती जणांच्या स्मरणात आहे?

हे चित्र पालटले ते सात्विकसाईराज रंकीरेड्डी आणि चिराग शेट्टी या जोडीने. सात्विक आंध्र प्रदेशातील अमलापुरमचा, तेलुगूभाषक; चिराग मुंबईत वाढलेला, वयाने तीन वर्षांनी मोठा. मलेशियाचे प्रशिक्षक टॅन किम हर यांनी या दोघांना एकत्र आणले, तेव्हा दोघेही मागच्या कोर्टातून जोरदार स्मॅश मारणारे खेळाडू होते. दोघे मागे राहिले तर जाळीजवळची जागा मोकळी पडणार. म्हणून चिरागने पुढचा खेळ आत्मसात केला. सात्विकने मागून प्रहार करावा आणि त्यातून सैल पडलेला फटका चिरागने जाळीजवळ टिपावा, अशी त्यांची रीत ठरली. एकाने आपल्या आवडीच्या खेळाला मुरड घातली, त्यातून दोघांचा खेळ उभा राहिला.

पुढचा प्रवास सुपरिचित आहे. २०२२ साली प्रथमच थॉमस करंडक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे ते आधारस्तंभ होते. त्याच वर्षी राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळाले. २०२३ मध्ये आशियाई अजिंक्यपद त्यांनी पटकावले. १९६५ मधील दिनेश खन्ना यांच्या विजयानंतर भारताला हा मान प्रथमच लाभला. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले आणि पाठोपाठ ते जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानी पोहोचले. २०२३ सालचा खेलरत्न पुरस्कार दोघांना संयुक्तपणे दिला गेला.

मात्र पदकांपेक्षा या कारकिर्दीचे स्वरूप अधिक बोलके आहे. दुहेरीत जागतिक क्रमवारीचे गुण जोडीच्या नावावर जमा होतात. जोडीदार बदलला की नव्या जोडीची मोजणी नव्याने सुरू होते. दुखापतही एकाची राहत नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये जर्मनीच्या मार्क लाम्सफुस याचा गुडघा दुखावला, तेव्हा त्याचा धडधाकट जोडीदार मार्विन सायडेल यालाही स्पर्धा सोडावी लागली. सात्विक-चिराग यांच्याशी ठरलेला त्यांचा सामना होऊ शकला नाही. त्याच स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत आरोन चिया आणि सोह वूई यिक या मलेशियाच्या जोडीने आपल्या जोडीला हरवले. पदक दोघांचेही हुकले, आणि पुढे खेळत राहण्याचा निर्णयही दोघांना मिळूनच घ्यावा लागला. पुढच्याच वर्षी, त्याच पॅरिसमध्ये, जागतिक स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत त्यांनी त्याच जोडीला नमवून पुन्हा कांस्यपदक मिळवले.

यावर पालकांकडून एक रास्त आक्षेप येतो. आमच्या मुलाचे भवितव्य दुसऱ्याच्या मुलावर का अवलंबून ठेवायचे? निवासी शाळेत हा प्रश्न अधिक बोचरा होतो. घरच्या अडचणीमुळे एखादा विद्यार्थी वर्षाच्या मध्येच शाळा सोडून जातो आणि मागे राहिलेल्याचा सराव वाया गेल्यासारखा वाटतो. ही भीती आम्ही खोटी मानत नाही. तरीही आमचे मत असे आहे, की हा धोका पत्करण्याजोगा आहे. जोडीदाराच्या चुकीनंतर चेहरा वाकडा न करता पुढची सर्व्हिस घेणे, मधोमध आलेले शटल कोणाचे हे क्षणात ठरवणे, आपली जागा सोडून दुसऱ्याची जागा राखणे या गोष्टी सरावानेच अंगी येतात. जोडीदार बदलला तरी त्या खेळाडूजवळ राहतात. ज्या मुलांना पुढे परक्या गावी, परक्या माणसांत शिकायचे आणि कमवायचे आहे, त्यांना याचा उपयोग पदकाहून कमी नाही.

व्यवहाराचा विचारही याच बाजूने आहे. एका कोर्टवर एकेरीत दोन मुले खेळतात, दुहेरीत चार. जेथे कोर्ट एकच आणि मुले अनेक, तेथे याहून सोपे गणित कोणते?

म्हणून आमची शाळेला आणि समाजबांधवांना काही निश्चित विनंती आहे. वार्षिक क्रीडा स्पर्धांत दुहेरीला एकेरीइतकेच मानाचे पारितोषिक असावे. वर्षारंभी ठरलेली जोडी शक्यतो वर्षभर कायम ठेवावी, आणि जोडीदार गेल्यास मागे राहिलेल्या मुलाला नवा जोडीदार मिळवून देणे ही शिक्षकांची जबाबदारी समजावी. क्रीडासाहित्यासाठी देणगी देणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी त्यातील काही वाटा दुहेरीच्या मार्गदर्शनासाठी राखून ठेवावा. आणि पुढील स्मरणिकेत गुणवंतांची नावे छापताना जोडीची दोन नावे एकाच ओळीत, एकाच आकाराच्या अक्षरांत छापली जावीत.